काऊन सरांची पेशी

काऊन सरांनी आयुष्यात एकाही खलनायकाला खलनायक म्हटलं नाही. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरला ते कॉलेजात मराठी शिकवायचे आणि बी.ए.ला लावलेलं एक जुनं शोकनाट्य हा त्यांचा जीव की प्राण. त्यातला राजा प्रधानाच्या बोलण्याला भुलून सख्ख्या धाकट्या भावाला ठार करवतो आणि भाऊ निर्दोष होता हे त्याला फार उशिरा कळतं. आम्ही प्रधानाला शिव्या घालायला लागलो की सर हात वर करून विचारायचे, "काऊन?" आमच्याकडे 'का'ला सगळेच काऊन म्हणतात, पण सरांइतक्या वेळा तो शब्द दुसऱ्या कुणी वापरला नसेल. त्यांचं खरं नाव कॉलेजच्या पाटीवरच राहिलं.

रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर आमची 'पेशी', म्हणजे कोर्टातल्यासारखी सुनावणी, भरायची. एकेकानं नाटकातलं एकेक पात्र व्हायचं, मधल्या स्टुलावर बसायचं आणि बाकीच्यांच्या प्रश्नांना त्या पात्राच्या तोंडून उत्तरं द्यायची. मी माझ्या गावाहून, रामाकोन्याहून, पहिल्या बसनं यायचे. उत्तर फसलं की सर घरच्या बगीच्यातलं संत्रं सोलून हातावर ठेवत. "खा, अन् मंग पुन्हा सांग. उपाशी माणूस दुसऱ्याचा इचार करत नाही." त्या वर्षी सगळ्यात जास्त संत्री मीच खाल्ली, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

त्यांच्या लेकीला, नंदाला, संत्रं कधीच मिळालं नाही. ती माझ्याच वर्गात होती, माझी मैत्रीण. एकदा ती प्रधान होऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वीस वर्षं मी या राजाचं राज्य चालवलं. भाऊ आला अन् राजानं माह्याकडं पाहणंच सोडलं. मले खोटं बोलाचं नव्हतं, मले फक्त त्यानं पाहाले पाहिजे होतं." सर चष्मा पुसत म्हणाले, "पाहा! कान भरणाऱ्याच्या पोटातही माणूस निघते. शोधणारा पाहिजे." लेकीचं कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

तीन वर्षांनी नंदानं छिंदवाड्याला जाऊन कोर्टात लग्न केलं. मुलगा आमच्याच पेशीतला, तिगावचा, सालस, पांढुर्ण्याला कचेरीत बाबू म्हणून लागलेला. बौद्ध घरचा. नंदाच्या घरच्यांना तिच्याशी संबंध तोडायला तेवढं कारण पुरलं. पण सरांनी त्याच्याही हातावर संत्री सोलून ठेवली होती. अख्ख्या सौंसरात कुणी समजून घेईल तर हाच माणूस, अशी माझी खात्री होती. म्हणून त्या रविवारी मी मुद्दाम गेले. पेशी नेहमीसारखी भरली होती. एका नव्या मुलीनं सहज विचारलं, "सर, नंदाताई नाही आली?"

"कोणती नंदा?" सर म्हणाले आणि पुढच्याला स्टुलावर बोलावलं.

भावाच्या मारेकऱ्यातही ज्याला माणूस दिसायचा, तो माणूस पोटच्या पोरीला दोन शब्दांत पुसून मोकळा? लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मी तिथून उठले ती चार वर्षं त्या ओसरीवर चढले नाही.

पुढे मला पांढुर्ण्याच्या शाळेत नोकरी लागली आणि नंदा वरचेवर भेटू लागली. बापाबद्दल वाकडा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही. मुलगी झाली तेव्हा तिनं सरांना मोबाइलवर फोटो पाठवला. नंतर दर सणाला पाठवत राहिली. फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर मात्र नसायचं. मला सरांचा असा संताप यायचा की विचारू नका.

मागच्या उन्हाळ्यात सर खाटेला खिळल्याचं कळलं. मी भेटायला गेले खरी, पण भांडायच्या तयारीनं. ते फार वाळले होते. मी बसायच्या आधीच बोलले, "सर, तुम्हाले प्रधान समजला, राजा समजला, मंग पोरगी काऊन नाही समजली?"

ते वर्गात बोलावं तसं शांतपणे बोलले. "समजली ना. सगळं समजलं. पोरीची चूक नाही. पोरगा हिरा आहे. दोष माहा आहे. सोयऱ्यांच्या पंगतीत मान खाली जाईन, हे भेव. अन् चार वर्षं तोंड फिरवलं, आता वळवलं तर चूक कबूल केल्यासारखं होईन, हा गर्व. भेवापरस गर्व मोठा."

"मंग बोलवा ना तिले! आत्ता लावू फोन?"

"नको लावू."

"समजूनसुद्धा?"

"समजूनच करून राहिलो, पोरी," सर म्हणाले. "दोष समजला म्हणजे जाते, असं मी तुम्हाले कधी शिकवलं?"

इतक्या वर्षांच्या पेश्यांत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी फोन लावला नाही. त्यांचा शब्द मोडायची सवय नव्हती, एवढंच त्याचं कारण आहे आणि ते मला पटत नाही. आठवडाभरात सर गेले.

नंदा आली. तिच्या काकांनी तिला अडवलं नाही, तिच्याशी कुणी बोललंही नाही. परतताना आम्ही दोघी सौंसरच्या बस स्टँडवर पांढुर्ण्याच्या बसची वाट पाहत बसलो होतो. मला राहवलं नाही. सर जे बोलले ते मी तिला शब्दन् शब्द सांगितलं. बापानं तिला निर्दोष ठरवलं होतं, हे ऐकून तिच्या जिवाला थंडावा मिळेल असं मला वाटलं. मी सरांचीच विद्यार्थिनी ना!

मांडीवरच्या पोरीला नंदानं घट्ट धरलं.

"हे मले सांगाले नको होतं, शुभा," ती म्हणाली. "बाबाले समजलंच नाही, या एका भरोशावर मी चार वर्षं काढली."