एक हात गोरा, एक काळा

बायांनो, आज फार दमले गं. पाय ठणकतायत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी नात सायली सतराची, नुकतीच प्रोफेशनल गोल्फर झाली. म्हणजे चांगली खेळली तरच पैसे. पहिल्याच स्पर्धेत दोन दिवसांत बाहेर पडली. सकाळी चारोटीला बसमधून उतरली, घरी येऊन गोल्फच्या काठ्या कोपऱ्यात टाकल्या.

इकडे नातवाचं लग्न तोंडावर. मसोलीची कासारीण बांगड्या भरायला आलेली. सायलीने हात पुढे केले तर डावा गोरापान, उजवा उन्हाने काळा. खेळताना एकाच हातात मोजा असतो ना!

धाकटी जाऊ म्हणाली, "असले हात लग्नात मिरवणार? हरलीसच ना? सोड आता."

पोरीने डावा हात ओढणीत लपवला. हळूच विचारलं, "आजी, सोडू का गं?"

मी कासारणीला म्हटलं, "हिला नको भरूस बाई. परवा पुढच्या स्पर्धेला जायचंय, खेळताना फुटतील."

"लग्न टाकून?" जाऊ ओरडली.

"हो. नवरी थोडीच आहे ती!"

सायली हसली नाही. पण उठली आणि गोल्फच्या काठ्या पुसायला बसली. एवढ्यानेच माझा जीव सुपाएवढा झाला.

खरं सांगा, तुम्ही तिला बांगड्या भरल्या असत्या?