वाटाड्या अजून बोलला नाही

“वाटाड्या, तुमचा कॅप्टन गेला.”

फोनवर उचगावचा केबलवाला बाळू होता. मी फाउंड्रीत होतो आणि ओतकाम सुरू झालं होतं. ते मध्येच थांबवता येत नाही. थांबलं की लोखंड थिजतं आणि सगळा माल वाया जातो. म्हणून मी “बरं” म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि शेवटचा साचा भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो. कॅप्टन म्हणजे मल्लाण्णा; त्यांना त्यांच्या दुकानातच काम करता करता झटका आला होता. त्या पाऊण तासात मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता त्यांना विचारता येणार नाही, हे आलं. त्यांना माहीत होतं की नव्हतं, एवढंच मला पंधरा वर्षं विचारायचं होतं.

मल्लाण्णा पॅटर्नमेकर. मूळचे कुरुंदवाडचे, घरात आईशी कन्नड आणि बाहेर आमच्याशी रांगडी मराठी. लोखंडी भाग, म्हणजे कास्टिंग, ओतण्याआधी त्याची लाकडी प्रतिकृती, म्हणजे पॅटर्न, करावी लागते; ती वाळूत दाबून साचा तयार होतो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून ही प्रतिकृती किंचित मोठी ठेवतात. त्यासाठी पॅटर्नमेकरकडे वेगळी पट्टी असते. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचं प्रत्येक माप शंभराला एक या हिशोबानं मोठं असतं; धातूचं नाव आणि तो टक्का तिच्यावर इंग्रजीत लिहिलेला असतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी डिप्लोमा करून शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा या दोन पट्ट्यांतला फरक मला मल्लाण्णांनीच दाखवला. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. तरी मला “सायब” म्हणायचे, आणि त्या “सायब”मध्ये आदर किती आणि टिंगल किती हे मला कधी कळलं नाही.

दोन वर्षांनी एका पंपाच्या कामात गिऱ्हाइकानं ऐनवेळी एक माप बदललं. मल्लाण्णा जेवायला गेले होते. मला घाई होती. त्यांच्या टेबलावर पॅटर्न अर्धवट खुणा करून ठेवलेला होता. मी खिशातली पट्टी काढली, नवं माप धरलं आणि पेन्सिलीनं रेघ मारली. माझ्या खिशातली पट्टी साधी होती. मला दुसऱ्या कामावर बोलावणं आलं, मी निघून गेलो. मल्लाण्णांना बदललेलं माप आधीच कळलं होतं. जेवून आल्यावर त्यांना रेघ दिसली आणि सकाळी आपणच मारली असं समजून त्यांनी लाकूड कापलं. पहिलं कास्टिंग मोजून मगच पुढचा माल ओतायचा असतो. तेही घाईत राहिलं, आणि ती घाईही माझीच होती. सगळी बॅच ओतली गेली. तीनशे मिलिमीटरला तीन मिलिमीटर कमी. यंत्रावर घासायला माल शिल्लकच नव्हता.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “ही खूण कुणी केली?” मल्लाण्णांच्या टेबलावर दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. त्यांनी त्या पट्ट्यांकडे बराच वेळ पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझ्याच हातनं भलती पट्टी उचलली गेली असंल.”

मी बोललो नाही... एवढंच आहे. त्या क्षणी बोललो नाही, दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड झालं आणि आठवड्यानंतर अशक्य. ऑर्डर गेली. त्या कामावर घेतलेले चार मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे कामगार, घरी बसले. पंधरा दिवसांनी मल्लाण्णांनी आपण होऊन नोकरी सोडली आणि उचगावात घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडलं. मी त्यांना कामं पाठवत राहिलो आणि त्याला मैत्री म्हणत राहिलो. त्यांच्या त्या एका नजरेवरून माझी खात्री झाली होती की त्यांना सगळं ठाऊक आहे आणि मला वाचवण्यासाठी त्यांनी आळ स्वतःवर घेतला आहे.

ही खात्री पक्की झाली ती आम्ही केलेल्या मालिकेमुळे. केबलवर तेव्हा दुपारी एक अंतराळातली परदेशी मालिका हिंदीत लागायची. मल्लाण्णा ती रंधा मारता मारता बघायचे आणि चिडायचे. “ह्यातली माणसं चुकतच न्हाईत बघ, सायब. चुकतंय ते यंत्र, न्हाईतर कुठल्या ग्रहावरचं ते हिरवं बेणं. आपल्यात असं कुठं असतंय?” बाळूकडे स्वतःचं केबल चॅनेल होतं, त्यावर तो लग्नाच्या कॅसेटी आणि यात्रेतल्या कुस्त्या लावायचा. त्यानं रविवारी सकाळचा अर्धा तास दिला आणि मल्लाण्णांनी लिहिलेली आमची स्वतःची मालिका, ‘यान क्रमांक नऊ’, सुरू झाली.

सोमवारी कारखान्यांना सुट्टी. त्या दिवशी खिडक्यांना पोती लावून दुकानात शूटिंग व्हायचं. पंपाचा मोठा जुना पॅटर्न चंदेरी रंगवून इंजिन केलं होतं. यानात पाच माणसं, नव्या वस्तीच्या शोधात निघालेली. मल्लाण्णा कॅप्टन, त्यांची बायको सुशीलावहिनी कोठाराची मालकीण, बाळू डॉक्टर, त्याची बहीण रेडिओ सांभाळणारी आणि मी रस्ता दाखवणारा वाटाड्या. राक्षस नाही, युद्ध नाही. प्रत्येक भागात एका माणसाची एक खोड उघडकीला यायची आणि बाकीच्यांनी तिचं काय करायचं ते ठरवायचं. मल्लाण्णांचा नियम एकच होता. “यानातनं कुणाला काढता येत न्हाई. दार उघडून ढकललं तर मरतंय, आत ठेवलं तर रोज तोंड बघाय लागतंय. आता सांग, काय करशील?” हा प्रश्न ते खरोखर विचारायचे. वहिनींचं पात्र सगळ्यांच्या वाटणीची साखर लपवतं, असा एक भाग होता. मी म्हणालो, कोठाराची किल्ली तिच्याकडून काढून घेऊ. मल्लाण्णा म्हणाले, “किल्ली तिच्याकडंच ऱ्हाऊ दे. काढून घेतली तर ती चोरच ऱ्हाणार की जन्मभर.” भाग दाखवला त्या आठवड्यात गल्लीतल्या बायकांनी वहिनींना सोडलं नाही. “काय वो, च्या बिनसाखरेचाच करताय न्हवं आता?” वहिनी म्हणायच्या, “तुमच्या वाटणीची मी कवाच खाल्ली!”

माझ्या पात्राची खोड तिसऱ्या भागातच प्रेक्षकांना कळली होती. वाटाड्यानं एक माप चुकीचं धरलं होतं, त्यामुळे यान भलत्याच दिशेला निघालं होतं, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या भागाचा कागद मी दोनदा वाचला. मी मल्लाण्णांकडे पाहिलं. ते रंध्याचं पातं दगडावर घासत होते. “जमंल की तुला?” एवढंच म्हणाले.

त्यानंतरचे चार भाग मी कसे केले ते माझं मला माहीत. शेवटच्या भागात वाटाड्याचं काय करायचं यावर आमचे वाद व्हायचे. मी म्हणायचो, इंजिन बिघडू दे, वाटाड्या ते दुरुस्त करताना मरू दे, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. मल्लाण्णा मान हलवायचे. “मरणं लई सोपं हाय, सायब. जगून त्याच माणसांच्या पंगतीला बसायचं, त्यांनी वाढलेलं खायचं... ते कर म्हणावं.” मग थोडं थांबून, “बरं, त्यानं सांगितलं असं धर. बाकीची चौघं काय करतील? मला तिथंच अडलंय. तुला काय वाटतंय?” मला वाटायचं, हे मला कोपऱ्यात घेतायत. मी विषय बदलायचो. एकदा चिडून म्हणालो, “मल्लाण्णा, मालिका आहे ही, कीर्तन नव्हे.” ते हसले. म्हणाले, “कीर्तनात शेवट ठाऊक असतोय की. हितं न्हाय.”

शेवटच्या भागाच्या सोमवारी मी गेलो नाही. ताप आल्याचा निरोप पाठवला. पुढच्या सोमवारीही काहीतरी काढलं. त्यानंतरच्या रविवारी लोक टीव्हीसमोर बसले तेव्हा पडद्यावर कॅप्टनच्या वेशातले मल्लाण्णा एकटेच होते. शेजारी माझी रिकामी खुर्ची. ते कॅमेऱ्यात बघून म्हणाले, “मंडळी, वाटाड्या अजून बोलला न्हाई. बोलला की दाखवू.” मालिका तिथं थांबली, ती कायमची. पुढे कित्येक वर्षं उचगावच्या स्टँडवर मला लोक हाक मारायचे, “काय वाटाड्या, बोललास का न्हाई अजून?” मी हसून हात करायचो. मल्लाण्णांनी मात्र तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांच्या त्या न काढण्याचाही मी माझ्या परीनं अर्थ लावला होता, की ते वाट बघतायत.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी दुकानात गेलो. वहिनी एकट्याच होत्या. टेबलाशी उभा राहून मी त्यांना सगळं सांगितलं. जेवणाची सुट्टी, माझ्या खिशातली पट्टी, पेन्सिलीची रेघ. म्हणालो, “अण्णांना माहीत होतं. त्यांनी मला वाचवलं.”

वहिनी स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, “त्यांना कुठलं माहीत? त्यांना त्यांचीच चूक वाटत हुती, मरंपतूर.”

मला समजेना. म्हणालो, “मग ती मालिका? तो वाटाड्या?”

“ते सोताचंच लिवलं हुतं की त्यांनी. आपण चुकलो, चार घरं बसली, आता त्यांच्यात जाऊन बसायचं कसं... हेच डोक्यात. मी म्हटलं, मग वाटाड्या तुमीच व्हा. तर म्हणाले, मला जमायचं न्हाई, रडू येतंय. सायबाला देतो. त्यो आपला माणूस हाय.”

म्हणजे ते मला कोपऱ्यात घेत नव्हते. ते मला विचारत होते. बाकीची चौघं काय करतील हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं आणि माझ्याकडून ऐकायचं होतं. एका शब्दात मी त्यांना सोडवू शकलो असतो, आणि मी तापाचा निरोप पाठवला. इतकी वर्षं मी स्वतःला त्यांच्या क्षमेखाली जगणारा समजत होतो. क्षमा नव्हतीच. माझं ओझं त्यांच्या डोक्यावर होतं आणि ते आपलंच आहे असं समजून ते वाहत होते.

वहिनी रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. मला वाटतं त्या हिशोब लावत होत्या. म्हणाल्या, “त्या बॅचनंतर हे एकट्यानं कधी खूण करत नसत. पट्टी उचलली की मला हाक. सुशे, बघ गं, काय लिवलंय? मी पिठाच्या हातानं यायची, वाचायची, मग हे रेघ मारायचे. इंग्रजी तेवढीच अक्षरं शिकवली मला. रोज धा-धा येळा...” आणि मग, “गडमुडशिंगीला त्या चौघा मोल्डरांच्या घरी जाऊन हात जोडून आलते. तुमी बी जावा.”

मी गेलो. चौघांपैकी तिघे भेटले. दोघांनी चहा दिला, जुनी गोष्ट म्हणाले. तिसरे बाहेर कट्ट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पावणं, मल्लाण्णा आमच्या दारात आलता तवा मी त्याला नाही नाही ते बोललो. आईवरनं बोललो. त्यो खाली मान घालून उभा हुता. आता तुमी म्हणताय चूक तुमची. मग मी त्याला बोललो, त्याचं काय करू?” मी हात जोडले आणि निघालो. हे लिहितोय ते त्यासाठीच, निदान उचगावात मल्लाण्णांचं नाव तरी त्या रेघेपासून वेगळं व्हावं.

त्यांच्या हातचा एक पॅटर्न अर्धा राहिला होता. त्यांच्या ओळखीच्या एका कारागिरानं तो करायला घेतला, आणि मापं तपासायला वहिनींनी मला बोलावलं. त्यांनी मलाच का बोलावलं, ते मी विचारलं नाही. गेल्या सोमवारी गेलो. टेबल झाडून ठेवलेलं, खिडकीतून ऊन आलेलं, कोपऱ्यात सागाच्या भुशाचा ढीग तसाच. मी त्यांची पट्टी उचलली. कुणी हाक मारली नव्हती, तरी आतल्या दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या, हात पिठाचे. मल्लाण्णा धरत तशी मी पट्टी त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी पट्टीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “तुमीच वाचा. मोठ्यानं.”

मी वाचलं, “कास्ट आयर्न. एक टक्का.”

“हां,” त्या म्हणाल्या, “आता मारा रेघ.”