मावशींचा ज्येष्ठमध

परक्या देशातल्या एका मोठ्या दवाखान्यात मावशी दुभाष्याचं काम करायच्या. एकोणीस वर्षं झाली. पेशंट मराठीत बोलायचे, डॉक्टर तिकडच्या भाषेत आणि मधल्या खुर्चीत मावशी. नियम एकच, समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

डॉक्टर विचारायचे, "आणखी काही औषधं घेता?" पेशंट म्हणायचे, "छे, काही नाही." मावशी इमानेइतबारे तेवढंच सांगायच्या. बाहेर आल्यावर तेच पेशंट कानाशी लागायचे, "मावशी, गावाहून चूर्ण आलंय, चालू ठेवू ना?"

"डॉक्टरांना सांगा की."

"त्यांना काय कळतंय त्यातलं!"

दिवसभर बोलून मावशींचा घसा बसायचा. त्यामुळे पिशवीत ज्येष्ठमधाच्या काढ्याचा थर्मास कायम. पुढे त्यांचा रक्तदाब वाढला. ज्या डॉक्टरीणबाईंबरोबर रोजचं काम, त्यांच्याकडेच गेल्या. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. दाब काही हलेना. बाई दर वेळी विचारायच्या, "आणखी काही घेता?" आणि मावशी त्यांच्याच भाषेत, अगदी अस्खलित, "काही नाही." काढा म्हणजे काय औषध झालं? शिवाय जिच्याशेजारी रोज शहाण्यासारखं बसायचं, तिच्याकडून स्वतःची गणती अडाण्यांत कशाला करून घ्या?

मग रक्तात पोटॅशियम घसरलेलं निघालं. बाई चक्रावल्या. "माझा प्रश्न तुम्हाला नीट कळत नसेल," त्या फार मायेनं म्हणाल्या, "आपण दुभाषी बोलावू."

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दवाखान्यातली एकुलती एक मराठी दुभाषी पेशंटच्या खुर्चीत बसलेली. बाईंनी फोनवरच्या सेवेला फोन लावला. स्पीकरवर एक गृहस्थ आले. त्यांनी प्रश्न ऐकला आणि नियम मोडून पदरचं घातलं, "ताई, आणखी काही औषधं घेता का? काढाबिढा, चूर्णबिर्ण सगळं धरून हं."

आपल्या भाषेत कुणी इतक्या वर्षांत मावशींना असं विचारलंच नव्हतं. त्या घडाघडा बोलल्या. ज्येष्ठमध, चार वर्षं, रोज थर्मासभर.

गृहस्थांनी ते सांगितलं आणि हळूच विचारलं, "प्रमाण काय घेता हो? माझाही घसा फार बसतो."

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं. हाडीमाशी खिळलेली सवय. मावशींनी शब्दन्‌शब्द सांगून टाकला.

बाईंनी फोनकडे बोट दाखवलं आणि मावशींना म्हणाल्या, "विचारा त्यांना, रक्तदाब शेवटचा कधी मोजला?"

गृहस्थांनी फोन ठेवला.

दाब चढवणारा आणि पोटॅशियम घसरवणारा ज्येष्ठमधच निघाला; काढा बंद झाला. दीड महिन्यात दाब उतरला, दोन गोळ्या सुटल्या, आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. बाई आता प्रत्येकाला विचारतात, "घरी काय उकळून पिता?" बरेच जण खरं सांगतात आणि मावशींवर खार खातात. आपलं गुपित हिनंच फोडलं, अशी सगळ्यांची खात्री आहे.