सिंधूबाई जेवल्या नाहीत

किस्से गोळा करायला कोणी निघत नाही. बांधावरून चालताना कपड्यांना कुसळं चिकटतात, तसे ते चिकटतात. दर रविवारी मी गडचिरोलीहून बसने ब्रह्मपुरीजवळच्या ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीत जातो. जाताना पिशवीत केळी असतात. येताना पिशवी रिकामी आणि मी भरलेला.

तिथे माझ्या सासूबाई राहतात, सिंधूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, सगळा जन्म चामोर्शीकडच्या धानाच्या शेतात गेलेला. ही खोली माझ्या बायकोनं, मीनानं, आईसाठी निवडली होती. मीनाला जाऊन दोन वर्षं झाली. रविवार तिचा होता, आता माझा आहे.

*

वसाहतीत आरोग्य सांभाळायला पुण्याहून अश्विनीताई आल्या. तिशीतल्या, प्रेमळ, वेळेच्या पक्क्या. सासूबाईंची शुगर पाहून त्यांनी पहिल्याच आठवड्यात भात बंद केला आणि पोळी सुरू केली. चौथ्या दिवशी मला फोन आला.

"सर, आजी तीन दिवस जेवल्या नाहीयेत. मी रोज विचारते, रोज नाही म्हणतात."

हातातलं काम टाकून मी बस पकडली. पोचलो तर सासूबाई पोळीचा तुकडा वरणात बुडवत होत्या. चौथी पोळी, असं वाढणाऱ्या बाईंनी सांगितलं.

"आई, तुम्ही जेवत नाही म्हणे?"

"कुठी जेवली? पोळी खाल्ली. पोळीनं कोणी जेवते का, बापू?"

आमच्याकडे जेवण म्हणजे भात, बाकी सगळं नुसतं खाणं, हे अश्विनीताईंना मला समजावून सांगावं लागलं. या अख्ख्या भागात भाताला नाक मुरडणारी एकच मुलगी जन्माला आली, ती म्हणजे मीना, असं सासूबाई मला लग्नापासून ऐकवत आल्यात.

*

अश्विनीताईंनी प्रयत्न सोडला नाही. "आजी, भात सोडलात तर दहा वर्षं जास्त जगाल."

"मंग त्या दहा वर्षांत भात देशीन का?"

"नाही देता येणार."

"मंग ते वर्षं तुह्याजवळच ठेव."

एवढं बोलून सासूबाईंनी खाटेखालून पिशवी काढली. दोन लुगडी, चष्म्याचं घर, गावच्या घराची किल्ली. "भात नाई तर मी गावाले जाते." गावात त्यांचं आता कोणी नाही. छप्पर अर्धं बसलंय. हे त्यांनाही माहीत होतं. तरी पिशवी दारात ठेवली गेली, आणि दर रविवारी आल्या आल्या मी आधी ती जागेवर आहे का ते पाहू लागलो.

*

बाकीची मंडळी पिशवी भरण्यातली नव्हती. अश्विनीताईंनी सगळ्यांना पावलं मोजणारी घड्याळं दिली, तेव्हा महिनाभर पहिला नंबर आला तो रशीदभाऊंचा. निवृत्त टेलर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. सत्कार ठरला. अश्विनीताई नारळ घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या, तर घड्याळ घोट्याला बांधलेलं, आणि भाऊ शिलाई मशीन पायानं चालवत वसाहतीच्या उशांचे अभ्रे शिवत बसलेले.

"पाय चालून राह्यले का नाई, तेवढं पाहा ना मॅडम. मी कुठी पोचतो, त्याच्याशी घड्याळाले काय करायचं हाय?"

नारळ मिळाला.

*

देवाजीभाऊ निवृत्त वनरक्षक. सकाळी सहाच्या फिरण्यावर त्यांचा राग. "जिंदगीभर सरकारनं चालवलं. आता तू काऊन चालवून राह्यली?"

एका सकाळी फाटकाजवळच्या ओल्या मातीत वाघाचे पगमार्क दिसले. आमच्याकडे ही थट्टेची गोष्ट नसते. फिरणं ताबडतोब बंद. चार दिवस अख्खी वसाहत आठपर्यंत झोपली. पाचव्या दिवशी वनखात्याचा माणूस आला, उकिडवा बसला, बराच वेळ ठसे पाहत राहिला.

"मॅडम, वाघ तर बराबर जमला हाय. पण त्याच्या मागं मागं हे आठ नंबरची स्लीपर काऊन फिरून राह्यली?"

दुसऱ्या दिवसापासून देवाजीभाऊ फिरायला सगळ्यांच्या पुढे असतात. अनवाणी.

*

दारातल्या पिशवीपुढे अश्विनीताई शेवटी नमल्या. डॉक्टरांना विचारून त्यांनी ठरवलं, सणाच्या दिवशी एक वाटी भात. पिशवी खाटेखाली गेली, पण रिकामी झाली नाही. सासूबाईंनी माझ्याकडून पंचांग मागवलं. होळीला वाटी, पाडव्याला वाटी, रामनवमीला वाटी. मग एका दुपारी त्या वाटी घेऊन उभ्या राहिल्या. "आज ईद हाय."

"आजी, ईद तुमची कशी?"

"रशीदभाऊनं मले बहीण मानलं. भावाच्या सणाले बहिणीनं उपाशी राहावं का?"

मागून रशीदभाऊ म्हणाले, "मॅडम, मानलं तर हाय." कधी मानलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

गेल्या रविवारी पोचलो तर पिशवी पुन्हा दारात. पंचांगात आता बरेच दिवस काही नव्हतं.

जेवणघरात पळसाची पत्रावळ मांडलेली होती. तिच्यावर वाटीभर भात, वर वरण. समोर सासूबाई हात जोडून बसलेल्या, शेजारी अश्विनीताई उभ्या.

"माह्या मीनाची तिथी हाय," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या नावाचं पान हाय. असं पान टाकत नाई."

अश्विनीताई माझ्याकडे वळल्या. "सर, मला आधी सांगायचं ना. आजच असते?"

मीनाची तिथी माघात असते. ती होऊन गेली. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, भाताकडे बघत होत्या.

"आजच," मी म्हणालो.

अश्विनीताईंचा आवाज खाली आला. "मीनाताईंना भात फार आवडायचा का?"

आता सासूबाईंनी मान वर केली.

"फार," मी म्हणालो, आणि त्यांच्याशेजारी बसलो.

सासूबाईंनी पत्रावळीवरच्या भाताच्या मधोमध बोटानं रेघ ओढली. अर्धा माझ्याकडे सरकवला. मग वाढणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "बापूले पोळी देऊ नोको. ते आज जेवून जातीन."