राउटरचं झाकलेलं नाव

गेली सहा वर्षं मी ही गोष्ट सांगायची टाळत आलो. आधी स्वतःला म्हणायचो, एवढं काय त्यात, टीव्हीच्या एका डब्याची तर गोष्ट. नंतर म्हणायला लागलो, जुनं झालं आता. लग्नाकार्यात किंवा पेन्शनच्या रांगेत कुणी मिस्त्रींचा विषय काढला की मी चष्मा पुसायला लागायचो. आता मला अठ्ठ्याहत्तर सरत आलंय. हात अजून थरथरत नाही, तोवर लिहून काढतो. कुणाचं नाव घेणार नाही, पण माझ्या वाट्याचं कुणावर ढकलणारही नाही. तेवढं ठरवूनच बसलोय.

मी परतूरला गणिताचा मास्तर होतो. निवृत्त झाल्यावरही आम्ही दोघं नवरा-बायको तिथंच राहिलो. मुलगी जालन्यात दिलेली. आमच्या भिंतीला लागून मिस्त्रींचं घर. ते आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग डिश आणि दुकानांतले कॅमेरे. नवीन काही बाजारात आलं की ते आधी स्वतःच्या घरी उघडून बघायचे. बायकोच्या माहेरून आलेला रेडिओ त्यांनी इतक्या वेळा जिवंत केला होता की शेवटी तिनं तो त्यांनाच देऊन टाकला. ते मला गुरुजी म्हणायचे, तिला वहिनी. दोन्ही घरांत विरजण, कढीपत्ता, इंजेक्शनवाल्या बाईचा पत्ता, सगळं भिंतीवरून जायचं-यायचं.

बायको न्हाणीत पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुढं तिचं जग पलंगापुरतंच राहिलं. मुलीचं तोंड रोज दिसावं म्हणून जावयांनी घरात वायफाय बसवून दिलं. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याचा पासवर्ड मिस्त्रींच्या धाकट्या पोरीला दिला. पोरगी कॉम्प्युटरचा कोर्स करत होती, रोज दोन-तीन तास तिला मोबाइलवर शिकवण्या बघाव्या लागत. बायकोच्या लेखी पासवर्ड आणि विरजण यांत फरक नव्हता. मला मात्र तो होता. मी मोबाइलवर क्रिकेट लावलं की चेंडू हातातून सुटायचा आणि पडद्यावर गोल चक्र फिरत बसायचं. मला खात्रीच होती की भिंतीपलीकडं माझं नेट ओढलं जातंय. खरं-खोटं मी कधी तपासलं नाही.

पासवर्ड बदलला असता तर पोरीनं सरळ दारात येऊन नवा मागितला असता, आणि तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. बायको तर माझ्या देखत देऊन मोकळी झाली असती. मोबाइलच्या दुकानात बोलता बोलता एक युक्ती कळली. राउटरचं नावच लपवता येतं. नाव लपवलं की कुणाच्याच मोबाइलवर ते दिसत नाही. आपण आपल्या फोनमध्ये ते हातानं टाकायचं, बस. मी पायऱ्या वहीत उतरवून आणल्या आणि एका दुपारी बायकोचा डोळा लागल्यावर तसं केलं. आमचे दोन्ही फोन हातानं जोडले. संध्याकाळी पोरगी आली, म्हणाली, "गुरुजी, तुमचं नेट बंद हाय का? दिसून नाही राह्यलं." मी म्हणालो, बंदच आहे, कंपनीत तक्रार केलीय. त्यानंतर ती धान्याच्या मोंढ्याकडं मावशीच्या घरी अभ्यासाला जायला लागली. क्रिकेटमधलं चक्र तसंच फिरत राहिलं.

रामनवमीला जांबच्या राममंदिरात जायचा बायकोचा नेम होता. त्या वर्षी जाणं शक्यच नव्हतं. तिथला जन्मोत्सव यंदा मोबाइलवर थेट दाखवणार आहेत असं तिला भाचीकडून कळलं. लहान पडद्यावर तिला नीट दिसत नसे. हे ऐकून जावयांनी टीव्हीला लावायचा एक डबा पाठवला. तो वायफायला जोडला की मोबाइलवर दिसणारं सगळं टीव्हीवर दिसतं. डबा आला तेव्हा रामनवमीला आठ दिवस होते.

डबा काही केल्या आमचं वायफाय शोधीना. यादीत समोरच्या किराणावाल्याचं नाव यायचं, मागच्या दवाखान्याचं यायचं, आमचं नाही. कुणीही म्हणेल, तूच तर नाव लपवलं होतंस. पण खरं सांगतो, माझ्या डोक्यात ते आलंच नाही. नाव परक्यांपासून लपवलंय, आपल्या घरातल्या वस्तूला आपलं घर दिसणारच, अशी माझी समजूत होती. चाळीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाची.

मी हट्टाला पेटलो. राउटर बंद करून चालू केला. डबा बंद करून चालू केला. वहीत तक्ता आखला: तारीख, काय केलं, काय झालं. राउटर आणि टीव्हीच्या मधे वर्षाच्या ज्वारीची पत्र्याची कोठी उभी होती. पत्रा आडवा येत असेल म्हणून मी अर्धी ज्वारी पोत्यांत काढली आणि कोठी इंचाइंचानं सरकवत स्वयंपाकघरात नेली. बायको पलंगावरून म्हणाली, "रामरायाला यायला वाट करून राह्यले का?" मग राउटरच उचलून टीव्हीच्या डोक्यावर ठेवला. दोघांत एक वीतही अंतर नव्हतं, तरी डबा म्हणे, नेटवर्क सापडत नाही. कंपनीच्या बाईनं फोनवर तेच सगळं पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केलं.

रामनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी जावई स्वतः जालन्याहून आले. ते नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनीही तासभर झटापट केली. शेवटी बायको म्हणाली, घराला लागून मिस्त्री असताना हे काय चाललंय. आणि भिंतीवर वाटी वाजवून तिनं त्यांना बोलावून घेतलं.

इथं एक सांगायला हवं. मिस्त्रींच्या पोरीचा कोर्स पुरा होत आला होता आणि जावयांच्या कार्यालयात माहिती भरायला एक माणूस हवा होता. बायकोनं जावयांच्या कानावर घातलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं. मिस्त्री त्या सकाळी आमच्या घरात पाऊल टाकताना ते मनात धरूनच आले असणार. इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

त्यांनी डब्याला हातही लावला नाही. खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, घरात दोन फेऱ्या मारल्या आणि पडदा जावयांना दाखवला. म्हणाले, "साहेब, डबा बराबर हाय. नेटबी चालू हाय. हे बघा, एक बिननावाचं दिसून राह्यलं, अन् ताकद एकदम फुल. गुरुजींच्या राउटरचं नाव कुणीतरी झाकून ठेवलंय. हे आपोआप होत न्हाई, आत जाऊन करावं लागतं."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मला त्या क्षणी सगळं उमगलं. आणि त्यांनाही. पोरगी कधीपासून मावशीकडं जाते आणि आमचं नेट कधीपासून "बंद" आहे, हा हिशेब त्यांनी उभ्या उभ्या केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट त्यांनी मला वाट काढून दिली. म्हणाले, "कधी कधी कंपनीकडूनच असं येतं म्हणा. नाव हातानं टाकलं की झालं, दोन मिनटाचं काम."

मी होय म्हणायला हवं होतं. पण जावई बारीक नजरेचे. ते म्हणाले, "कंपनीकडून कसं येईल? मीच बसवून घेतलं ना, तेव्हा नाव दिसत होतं. मामा, तुम्ही काही केलं का यात?"

आमच्याकडं जावई सासऱ्याला मामा म्हणतात. जावयासमोर सासऱ्यानं खाली बघायचं नसतं, हे माझ्या हाडात मुरलेलं. त्यात नेट त्यांनी बसवून दिलेलं. शेजारच्या पोरीला मिळू नये म्हणून मी ते लपवलं, हे त्यांच्यासमोर, बायकोसमोर आणि त्या पोरीच्या बापासमोर मी कसं सांगणार होतो? मी म्हणालो, "मला यातलं काय कळतंय?"

बायको भोळेपणानं म्हणाली, "पासवर्ड तर मिस्त्रीभाऊंच्या पोरीकडं बी हाय. ती शिकलेली हाय, तिला विचारा की."

तिला म्हणायचं होतं, ती दुरुस्त करून देईल. जावयांनी वेगळंच ऐकलं. ते मिस्त्रींकडं बघत म्हणाले, "म्हणजे तिनं आत शिरून काही केलं का?"

मिस्त्रींनी तोंड माझ्याकडं वळवलं. मला विचारलं, "गुरुजी, माझ्या पोरीनं केलं असं तुम्ही म्हणता का?"

मी म्हणालो, "मी तसं म्हणत नाही. पण शिकताना पोरं काहीतरी करून बसतात."

मिस्त्रींनी मोबाइल खिशात घातला. बायकोला म्हणाले, वहिनी, तब्येत सांभाळा. आणि निघून गेले. चहा ओट्यावर तसाच राहिला.

जावयांनी नाव हातानं टाकून पाहिलं, पण कुठंतरी अक्षर चुकत असावं, ते जुळेना; शेवटी डबाच सोमवारी बदलून आणायचं त्यांनी ठरवलं आणि ते दुपारी जालन्याला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळीच्याही आधी, मी वहीतलं ते पान काढलं आणि लपवलेलं नाव पुन्हा उघडं केलं. डब्याला ते मिनिटभरात सापडलं. बायकोनं उशीला टेकून बसून जन्मोत्सव पाहिला. पाळणा हलला तेव्हा तिनं तिथूनच हात जोडले. मग विचारलं, कसं काय सुरू झालं? मी म्हणालो, आपोआप. मिस्त्रीभाऊंना कळवलं का? मी म्हणालो, कळवलं.

जावयांना फोन करून सांगितलं की मी सगळं पुसून नव्यानं लावलं. ते म्हणाले, "बघा मामा, म्हणजे त्या पोरीनंच काहीतरी करून ठेवलं होतं. लोकांच्या राउटरमध्ये शिरणारी मुलगी कार्यालयात कशी ठेवायची? मी तिचं नाव काढून घेतो." फोन माझ्या कानाला होता. तोंड उघडायला तेवढं पुरेसं होतं. मी म्हणालो, "बघा जावईबापू, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. जावयांचं बोलणं गल्लीत कसं पोचलं माहीत नाही, पण पोचलं. एकदा किराणावाल्यानं मला विचारलं, मिस्त्रीच्या पोरीनं तुमचं नेट बिघडवलं होतं म्हणे. मी साखर तोलून मागितली. मिस्त्रींनी कुणाला काही खुलासा केला नाही. खरं त्यांना माहीत होतं आणि ते सांगितलं असतं तर मी उघडा पडलो असतो. वर्षभरानं ते दुकान आवरून परभणीला थोरल्या मुलाकडं राहायला गेले. जाताना बायकोला भेटून गेले. मी मुद्दाम पोस्टात गेलो होतो.

दोन वर्षांपूर्वी मी मन घट्ट केलं आणि सकाळच्या गाडीनं परभणीला गेलो. काय बोलायचं ते गाडीत चार वेळा घोकलं. मिस्त्रींनी दारातच माझे दोन्ही हात धरले. मुलाला, सुनेला बोलावून सांगितलं, हे आमचे परतूरचे गुरुजी, यांच्या घरचा पहिला टीव्ही मी बसवला. जेवू घातलं. धाकटीचं लग्न जिंतूरला झाल्याचं आणि ती तिकडं एका सेवा केंद्रात काम करत असल्याचं सांगितलं. माणसं भोवती होती म्हणून मी थांबलो. मग ते मला रिक्षानं स्टेशनवर सोडायला आले. बाकावर आम्ही दोघंच. गाडी उशिरा होती. मी उन्हाबद्दल बोललो, कापसाबद्दल बोललो, बायको आता काठी धरून दारापर्यंत येते त्याबद्दल बोललो.

गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, काय बोलायचं होतं का?"

मी म्हणालो, "नाही, सहजच आल्तो."

त्यांनी मान हलवली आणि माझी पिशवी डब्यात चढवून दिली. चार महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. मिस्त्री गेले होते.

तेव्हा मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं मिस्त्रींच्या बाजूच्या भिंतीकडं पाहिलं. मग म्हणाली, "मला काय सांगता? त्या पोरीला सांगा. अन् आधी जावयाला." जावयांना सांगायला मला पुढं वर्ष लागलं, पण सांगितलं. या महिन्यात मी जिंतूरला जाणार आहे. लिहिलेलं हे सगळं तिच्या हातात देणार, आणि तिनं वाचलं नाही तर समोर बसून वाचून दाखवणार. ती मला दाराबाहेर काढू शकते. तो तिचा अधिकार आहे. तिथं मी सहज आलोय असं म्हणणार नाही.

पण स्टेशनच्या त्या बाकावरचं राहिलं ते राहिलंच. तिथं मला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं:

मिस्त्री, राउटरचं नाव मी झाकलं होतं, तुमच्या घराला नेट मिळू नये म्हणून. तुमच्या पोरीनं त्याला बोटही लावलं नव्हतं. मला ते माहीत होतं, तुम्हाला माहीत आहे हेही मला माहीत होतं, आणि तरी मी ते तिच्यावर जाऊ दिलं. तिची नोकरी माझ्यामुळं गेली. तुम्ही मला झाकलंत, मी तुम्हाला उघड्यावर सोडलं. चूक माझी होती. मला माफ करा.