दुखवट्याचं कुलूप

मुलाकडे अमेरिकेत आल्यापासून मी रोज शेजारच्या रूथबाईंबरोबर वाचनालयात जाते. आज तिथे कुलूप होतं आणि झेंडा अर्ध्यावर. गावचे म्हातारे सिनेटर वारले म्हणून दुखवटा. टीव्हीवर सकाळपासून 'वादग्रस्त, पण कर्तबगार' चाललंय. कसली डोंबलाची कर्तबगारी? महापौर असताना गोऱ्यांशेजारी काळी मुलं बसू नयेत म्हणून या माणसाने अख्खं वाचनालय बंद ठेवलं, आणि त्याच पुण्याईवर जन्मभर निवडून आला. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणे! जिवंतपणी बोलायची सोय होती कुणाला?

रूथबाईंनी तरीही दार ढकलून पाहिलं.

"सात वर्षांची असताना असंच ढकललं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाही त्याच्यामुळेच बंद होतं."