सगळ्या मुलींची झोप दहा ते सहा

आमच्या हिंगोलीच्या कॉलेजातल्या कारकुनाचं अक्षर इतकं सुंदर आहे, की आता मला ते बघवत नाही. कुणाच्याही अर्जात रिकामी जागा दिसली की हा खिशातलं पेन काढतो, “बराबर करून टाकतो,” म्हणतो आणि स्वतःच भरतो. मुलं त्याला देवमाणूस म्हणतात. मीही म्हणायचे.

मी मानसशास्त्र शिकवते. मुलींच्या झोपेवरच्या संशोधनासाठी वसतिगृहात तक्ते वाटले होते. भरून ऑफिसात द्या, असं सांगितलं होतं. काल त्यानं गठ्ठा आणून दिला. सगळे तक्ते त्याच्याच अक्षरात, सगळ्यांची झोप दहा ते सहा.

“पोरींनी लई खाडाखोड केली होती, मॅडम. मी नव्यानं उतरवले, जुने जाळून टाकले. एकीनं तर जगावंसं वाटत न्हाई असं लिहिलं होतं. तुमची फाईल खराब झाली असती.”

“कोण होती ती?” मी इतक्या जोरात ओरडले, की व्हरांड्यातली मुलं थांबली.

मी काहून चिडले, हे त्याला खरंच कळेना.

“मला काय माहीत? नाव लिहू नका म्हणून तुमीच सांगितलं होतं ना?”